मिंचीच्या कमरेची चार बोटं

खानदानी कुत्र्याची पारख ही जगातल्या सगळ्या पारखींत अवघड. हिऱ्याची पारख चुकली तर पैसा जातो, जावयाची चुकली तर मुलगी परत येते. पण कुत्र्याची चुकली तर ती चूक गळ्यात दोरी बांधून रोज सकाळी साऱ्या पेठेतून मिरवावी लागते. या विषयावर मी अधिकाराने बोलू शकतो, कारण या विषयावरचं एक जाड इंग्रजी पुस्तक माझ्या घरी आहे. कुत्रं मात्र मी कधी पाळलेलं नाही. आमच्या घरात मांजरालासुद्धा उंबऱ्याच्या आत येण्याची परवानगी नव्हती, आणि ती परवानगी देणं माझ्या हातात नव्हतं.

ते पुस्तक मला विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात मिळालं. मी खरं म्हणजे त्याच्या आरामखुर्चीसाठी गेलो होतो. ती मामलेदारांनी नेली. सोलापूरच्या कोर्टात तीस वर्षं काढून मी नुकताच नाझर म्हणून पेन्शनीत निघालो होतो. बसायला खुर्ची नाही तर निदान वाचायला काही असावं म्हणून पुस्तक उचललं. पुढे जे झालं त्याचा मोठा दोष या पुस्तकाकडे जातो, आणि उरलेला माझ्याकडे.

मंगळवार पेठेत आमच्या घरासमोर गुरुबसप्पा आडत्यांचं धान्याचं दुकान. ज्वारी, तूर, करडी. वर माडीवर राहतं घर. गुरुबसप्पा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे, आणि अंगानं असे की गादीवर बसले म्हणजे त्यांच्या शेजारी तक्क्या संकोचल्यासारखा दिसायचा. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. थोरला सिद्धप्पा हुशार निघाला. त्यानं बापाला कामातून मोकळं केलं. इतकं मोकळं केलं की दुकानात कोणी काही विचारायला आलं तरी गुरुबसप्पांकडे न बघता सिद्धप्पाकडे जाई. सकाळी आठ वाजता ते गादीच्या कोपऱ्यात बसत, आणि बारा वाजता सून दानम्मा वरून "मामा, ताट वाढलंय" म्हणाली की उठत. या दोहोंच्या मध्ये त्यांना काहीही काम नसे.

चौतीस साली संक्रांतीला भरणारी गड्ड्याची यात्रा उरकल्यावर ते तुरीच्या निमित्तानं दुधनीला गेले आणि दोन दिवसांनी थेट माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"नाझर, मी एक बघून आलो."

या वयात माणूस असं म्हणाला की ऐकणाऱ्याला जरा धास्तीच वाटते. मी आतलं दार लोटून घेतलं.

"कुत्री आहे ओ," ते म्हणाले. "काय पळते! हरणामागं सुटली ती दिसलीच नाही, नुसती धूळ दिसली. परत आली आणि माझ्याकडं बघून अशी उभी राहिली, जसं काय मीच उशीर केला."

ती कारवानी कुत्री होती. आपल्याकडे या जातीला कागदपत्रं नसतात, तिचा पत्ता अंगावरच लिहिलेला असतो. लांब तोंड, लांब पाय, पोट असं आत गेलेलं की मोठ्या आजारातून उठल्यासारखं वाटावं. दुधनीजवळच्या एका वाडीत ईरम्मा नावाची विधवा म्हातारी ही जात राखून होती. तिच्या शेतात हरणं शिरत नसत, शेजाऱ्यांच्याही नसत. पण ईरम्मा कुत्री विकत नव्हती. ती द्यायची, आणि मुलगी द्यावी तशी द्यायची.

पुढच्या आठवड्यात मी पुस्तक काखेत मारून गुरुबसप्पांबरोबर तिच्या अंगणात हजर झालो. आम्हाला वाटलं होतं, आम्ही कुत्री बघायला आलोय. घोंगडीवर बसवून ईरम्मानं आमचीच चौकशी सुरू केली.

"घरात मानसं किती?"

"सात."

"भांडनं हुतात?"

"होतात की थोडी," गुरुबसप्पा म्हणाले.

"बरं हाय. भांडनं न्हाईत म्हनला असता तर खोटं बोलतोय म्हनून उठवला असता. रागीट कोन हाय? दारूचं काय? कुत्र्याला लाथ मारनारं कोन हाय का? आनि हे बामन कोन, काखंत पोथी घेऊन?"

मी पुस्तक जरा मागे सरकवलं.

पिलं पाच होती. पुस्तकात लिहिलं होतं की पिलाचे दात, डोळे आणि नाकाचा ओलावा बघावा. ईरम्माची रीत वेगळी. तिनं शेपूट मागच्या मांडीभोवतून वळवून कमरेच्या हाडाला टेकवून दाखवलं. टेकलं तर जात खरी. मग त्यांच्या आईला बोलावलं. तिच्या पाठीवर, शेपटीच्या वर, कमरेची दोन हाडं वर आलेली असतात. त्यांच्या मध्ये ईरम्माची चार बोटं आडवी बरोबर बसली. "तीन बसली तर कुत्रं हाय. चार बसली तर कारवानी हाय," ती म्हणाली. "आनि लाडानं अंगावर येतं ते पिल्लू घेऊ नये. लांब बसून आपल्याला बघतं ते घ्यावं."

एव्हाना सगळ्यांत लाडिक पिल्लू गुरुबसप्पांच्या उपरण्यात शिरून झोपलं होतं, आणि उपरणं हलू नये म्हणून गुरुबसप्पा श्वाससुद्धा बेतानं घेत होते.

ईरम्मानं एकदा पिलाकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "हं," म्हणाली. "तुमच्याशी बोलून काय फायदा न्हाई."

पैसे तिनं घेतले नाहीत. नारळ घेतला, त्याच पिलाला कुंकू लावलं आणि अटी सांगितल्या. सकाळी एकदा, दिवे लागताना एकदा, ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून. दुसरं काही नाही. साखळी नाही, दोरी. अंघोळ महिन्यातून एकदा, गोचिड्यांना करंजाचं तेल. झोपेतून उठवायचं नाही, आणि रोज पळवायचं.

"आनि नागपंचमीला माजी लेक मी माहेराला न्यायला येनार. तवा कमरंला चार बोटं बसली, बरगड्या हाताला लागल्या, तर दोन दिसानं परत पोचवीन. न्हाईतर ठेवून घेनार."

हे नुसतं बोलणं नव्हतं. दुधनीच्या एका पाटलाची कुत्री तिनं अशीच ठेवून घेतली होती. पाटील चार दिवस अंगणात बसून राहिला. ईरम्मानं त्याला चारही दिवस जेवू घातलं आणि पाचव्या दिवशी एकट्याला गाडीत बसवून दिलं.

पिलाचं नाव मिंची ठेवलं. कानडीत मिंचु म्हणजे वीज.

आता माझा दोष सांगतो. गुरुबसप्पांचं घर लिंगायताचं. तिथं अंडंसुद्धा कधी आलं नाही. माझ्या पुस्तकात मात्र पानोपानी लिहिलं होतं की वाढत्या पिलाला रोज इतकं इतकं मांस द्यावं. गुरुबसप्पा रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन "आज पुस्तकात काय?" विचारत, आणि मी वाचून मराठीत सांगत असे. शिवलिंग धारण केलेल्या माणसाला दिवेलागणीच्या वेळी मांस हा शब्द ऐकवणं मला बरं वाटेना. मी तिथं "पौष्टिक आहार" असं म्हणत गेलो. कोर्टात तीस वर्षं अर्ज-दाखल्यांचं भाषांतर केलं, पण इतका महागात पडलेला शब्द दुसरा नाही.

लिंगायताच्या घरात पौष्टिक म्हणजे काय, हे मी सांगायला नको. दानम्मानं गव्हाची हुग्गी, म्हणजे गूळ घातलेली खीर केली, वर तूप सोडलं.

"मामा, भाकरी-ताक बरोबर आहे, पण नाझरकाका शिकलेले आहेत," ती म्हणाली. मी मान डोलावली.

तरी सुरुवातीला गुरुबसप्पांनी निग्रह केला होता. पण कारवानी पिल्लू वाढताना नुसते पाय वाढतात. चार महिन्यांची मिंची दुकानाच्या दारात उभी राहिली की तिच्या बरगड्या रस्त्यापलीकडून मोजता यायच्या. पेठेतले लोक मोजायला लागले.

"काय ओ आडतेमालक," समोरची बाळाबाई एकदा भर बाजारच्या दिवशी ओरडली, "दुकानात शंभर पोती ज्वारी, आनि दारात हे उपासाचं कुत्रं? गिऱ्हाइकानं काय समजायचं?"

हा घाव सिद्धप्पाला लागला. दुसऱ्या कुठल्या धंद्यातला माणूस हसून सोडून देईल, पण धान्याच्या दुकानदाराला दारातलं हडकुळं जनावर सहन होत नाही. दिवाळं निघाल्याची पाटी लावल्यासारखं वाटतं. त्या दिवसापासून मिंचीचं ताट दुकानाच्या बाहेर, सगळ्यांना दिसेल असं मांडायला लागले. महिन्याभरात तिच्या अंगाला गोलाई आली. जाणारे-येणारे म्हणू लागले, "आता दिसतंय बघा आडत्याचं कुत्रं." सिद्धप्पा खूश झाला. आषाढात तर मिंची जिना चढताना मधल्या पायरीवर बसून विसावा घ्यायची.

शिक्षणही मी पुस्तकाबरहुकूम सुरू केलं होतं. "बस" म्हणावं, पाठीवर हलकेच दाबावं, बसली की शाबासकी द्यावी. दोन महिने गुरुबसप्पा "बस" म्हणत आणि मिंची त्यांच्याकडे अत्यंत आदरानं बघत उभी राहत असे. शेवटी गुडघे दुखून तेच खाली बसत. मग तीही बसायची. मी वहीत "प्रगती" असं लिहिलं.

पण एक सांगतो. गादीच्या कोपऱ्यातला तो माणूस बदलला होता. सकाळी ते उठले की जिन्यात ती उठायची. ते तोंड धुवायला गेले की ती मोरीशी जाऊन थांबायची. एकदा मला म्हणाले, "नाझर, घरात मी उठलो काय, बसलो काय, कुणाचं काही अडत नाही. हिचं अडतं." आणि मग एकदम ज्वारीच्या भावाबद्दल बोलायला लागले.

पंचमीला तीन आठवडे राहिले तेव्हा दुधनीहून कार्ड आलं. वाडीतल्या कुणा शिकलेल्याकडून ईरम्मानं लिहवून घेतलं होतं. खुशालीची एक ओळ, पावसाची एक ओळ, आणि शेवटी, "पंचमीला सकाळच्या गाडीनं येते. बोटं धुवून येते."

गुरुबसप्पांनी कार्ड माझ्यापुढे ठेवलं. मिंची ओट्यावर आडवी पडली होती. मी पुस्तकात बघून, मग ईरम्मानं दाखवल्याप्रमाणे, तिच्या कमरेवर हात फिरवला. चार बोटं बसतात की तीन, हा प्रश्नच नव्हता. हाडं सापडेनात.

"ती नेईल ओ हिला," गुरुबसप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे, गिरणीचा भोंगा झाला की आमची मिरवणूक होम मैदानावर निघू लागली. पुढे मिंची, मग दोरी, मग धोतराचा काचा मारलेले गुरुबसप्पा. मी मैदानाच्या कडेला दगडावर बसून फेऱ्या मोजत असे. पहिल्या दिवशी अर्धी फेरी झाली, आणि ती कुणामुळे थांबली हे दोघांकडे बघून सांगता येईना. आठव्या दिवशी चार झाल्या.

घरात कडक हुकूम सुटला: मिंचीला भाकरी आणि ताक, तेही फक्त गुरुबसप्पांच्या हातून. दानम्मानं डोळ्याला पदर लावला. सिद्धप्पा म्हणाला, "अप्पा म्हणतात तसंच होईल." बाळाबाईनंसुद्धा शपथ घेतली. गुरुबसप्पा स्वतः मिंचीशेजारी जमिनीवर पाट घेऊन बसू लागले आणि त्यांच्या ताटातही भाकरी-ताकच. "तिला असं घालून मी हुग्गी कसा खाऊ?" म्हणाले. "ती बघते ओ."

तीन आठवडे गेले. मिंची तसूभरही उतरली नाही. उलट मला तर जरा भरल्यासारखीच वाटली. मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. अशा चमत्काराची त्यात नोंद नव्हती.

पंचमीच्या सकाळी ईरम्मा आली. नऊवारीचा कासोटा, हातात कापडी पिशवी, पिशवीत मिंचीसाठी खणाचा तुकडा. दानम्मानं पाट मांडला, पुरणाचे कडबू आणि पाणी पुढे ठेवलं.

"लेकीच्या सासरचं पानी पीत न्हाई मी," म्हातारी म्हणाली. "लेक दावा."

मिंची आली. जुनी ओळख पटली असावी. शेपूट हलवता हलवता सगळं अंगच हलायला लागलं. ईरम्मानं खाली बसून तिच्या कमरेवर हात ठेवला. हात पुढे गेला, मागे आला. मग बरगड्यांवर गेला. माडीवर इतकी शांतता झाली की खाली दुकानात तूर मापताना पहिल्या मापाला एक न म्हणता म्हटलेला "लाभ" ऐकू आला.

"हाडं कुटं ठेवली हिची?" ईरम्मा म्हणाली.

दानम्मानं कडबूचं ताट जरा मागे सरकवलं.

"इचारते मी. कोन काय घालतं हिला?"

"भाकरी-ताक," गुरुबसप्पा म्हणाले. "ईरम्मा, तीन आठवडे, तुमच्या गळ्याची शपथ, भाकरी-ताकाशिवाय—"

"मामा," दानम्मा खाली बघत म्हणाली, "दुपारी तुम्ही झोपला की मी दूध देत होते. जरा तूप घालून. एवढंसं."

गुरुबसप्पांनी सुनेकडे पाहिलं. तेवढ्यात दारातून बाळाबाई म्हणाली, "मी शिरा आनला असंल दोन-चारदा. मीच आधी बोलले होते न्हवं हडकुळी म्हनून, मला झोप येईना." सिद्धप्पा खाकरला. त्याच्या कोटाच्या खिशात पेढ्याची पुडी असायची, असं त्यानं सांगितलं. पुडी कशासाठी असायची हे सांगितलं नाही. सगळ्यांचं सांगून झाल्यावर ईरम्मा माझ्याकडे वळली.

"आनि पोथीवालं?"

"बिस्किटं," मी म्हणालो. "मैदानावर. दर फेरीला एक. पुस्तकात शाबासकी द्यावी असं आहे."

 गुरुबसप्पांनी मिंचीची दोरी खुंटीवरून काढली आणि ईरम्माच्या हातात दिली. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं तिच्या कानामागे खाजवलं आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले. दानम्मा रडायला लागली.

"थांबा," ईरम्मा म्हणाली. "पळती का, ते तरी बघू दे. मैदान कुटं हाय?"

आम्ही सगळे होम मैदानावर गेलो. झाडांना झोके बांधले होते, पोरी झोके घेत होत्या. ईरम्मानं मिंचीची दोरी सोडली आणि तोंडानं एक बारीक आवाज काढला. आणि मिंची सुटली! ते लठ्ठपण, ते पेढे, तो शिरा सगळं मागे ठेवून तिची जात तेवढी पुढे गेली. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत तिची नुसती रेघ दिसली. मग रेघेचं कुत्रं झालं, कुत्र्याची चाल झाली, आणि पलीकडच्या लिंबाखाली ती आडवी पडली ती उठेना.

कोणी काही म्हणायच्या आत गुरुबसप्पांनी काचा मारला आणि ते पळाले. थांबले नाहीत, धापा टाकल्या नाहीत, अख्खं होम मैदान एका दमात ओलांडून लिंबाखाली गेले. तिच्या शेजारी बसले, तिचे पाय चोळले, उपरण्यानं वारा घातला. ती उठली. मग दोघं परत निघाले. ते चालले की ती चालायची, ती थांबली की ते थांबायचे.

ईरम्मा कुत्रीकडे बघतच नव्हती.

"हे मानूस कवापासनं पळतंय?"

"तीन आठवडे," मी म्हणालो.

"खातंय काय?"

"भाकरी-ताक."

"कुनी सांगितलं?"

"तुम्हीच. कुत्रीला सांगितलं होतंत."

गुरुबसप्पा जवळ आले तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. अंगरखा खांद्यावरून असा लोंबत होता की दुसऱ्या कुणाचा घालून आल्यासारखे दिसत होते. रोज बघणाऱ्याला दिसत नाही ते हे. ईरम्मा पुढे झाली आणि तिनं, कुत्र्याची बघतात तशी, दोन बोटं त्यांच्या कुशीत दाबली. सबंध पेठेसमोर. सिद्धप्पानं मान दुसरीकडे वळवली.

"एक," ती म्हणाली. "दोन. तीन. हं. लागत्यात."

"ईरम्मा, तिला न्यायची असेल तर," गुरुबसप्पा म्हणाले, आणि उपरण्यानं पुन्हा मिंचीला वारा घालायला लागले.

"कुत्रीची चरबी एका महिन्यात उतरती. अट ह्यानं पाळली, मोडली बाकीच्यांनी." तिनं दोरी त्यांच्या हातात दिली. "ह्या सालाचं माहेरपन ऱ्हाऊ दे. हितनं नेली तर ह्या गड्याला पन न्यावं लागंल, आनि माज्याकडं घोंगडी एकच हाय. पुढल्या पंचमीला येते. तवर हिचं ताट ह्याच्या हातानं. दुसऱ्या कुनी घास टाकला तर मला कार्ड टाका. तुमी टाकायचं, पोथीवालं. आनि ती पोथी कुनाला तरी देऊन टाका."

मी बरं म्हणालो. दानम्मा तिच्या पाया पडली, मग चुकून मिंचीच्याही पडली.  गुरुबसप्पा दोरीचा एक वेढा मनगटाला घेत होते आणि सोडत होते. सिद्धप्पानं स्टेशनापर्यंत टांगा करायचं म्हटलं, तर ईरम्मा म्हणाली पाय हायत. निदान कडबू बांधून देते म्हणाली दानम्मा, तर लेकीच्या सासरचं काही चालत नाही. तिनं मिंचीच्या गळ्यात खणाचा तुकडा बांधला, पिशवी उचलली आणि मागे न बघता निघाली. ताठ, बारीक, तिच्या कुत्र्यांसारखीच. मैदानातल्या पोरी झोके थांबवून बघत राहिल्या.

पंधरा पावलं गेली आणि थांबली. मग परत आली आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"त्या कोपऱ्यावर तालमीपाशी चार कुत्री बसल्यात. येताना लई अंगावर आली. तितपर्यंत कुनीतरी काठी घेऊन चला की."